फळ्यावरचा ठ

आमच्या पी.टी.च्या सरांना शहाद्यात सगळे 'ध्यान' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांची पाठ फिरली की लगेच. एक तर ते दिसायचेच तसे. अंगानं काटकुळे, खाकी अर्धी चड्डी गुडघ्याच्या बरीच वर, पायांत दोन वेगळ्या रंगांचे मोजे, आणि डोक्यावर मात्र इस्त्री केल्यासारखी काळी टोपी. शाळेच्या नियमात टोपी होती आणि मोज्यांबद्दल काही म्हटलेलं नव्हतं, एवढाच त्यामागचा विचार. दुसरं कारण म्हणजे खेळाच्या तासाला ते आम्हाला मैदानात मांडी घालून बसवायचे, डोळे मिटायला लावायचे, स्वतःही मिटायचे आणि म्हणायचे, "ध्यान द्या." आता भर दुपारी एक मास्तर आणि त्याच्यापुढं डोळे मिटून बसलेली पोरं, हे कुंपणापलीकडून जाणाऱ्या बाईनं पाहिलं तर ती काय म्हणणार? "काय ध्यान शे बाई," असंच म्हणणार. नाव चिकटलं ते चिकटलंच.

ते देशावरचे. आमच्याकडची अहिराणी त्यांच्या जिभेला कधी वळली नाही, पण हौस फार. "डोया मिटा रे पोऱ्याहो," असं ते मोठ्या तोऱ्यात म्हणायचे, आणि 'डोया'तला 'या' असा काही लांबवायचे की आमचे मिटलेले डोळे हसण्यानं उघडायचे. मी रनाळ्याचा, मामाकडे शहाद्याला शिकायला राहिलेलो. पुस्तकातली मराठी मला जरा बरी यायची म्हणून कधीकधी ते मला विचारत, "बरोबर बोललो ना?" मी मान डोलवायचो. ते खूष व्हायचे.

त्यांचा खेळ बास्केटबॉल. त्या काळी आमच्या भागात हा खेळ कुणी पाहिलेला नव्हता. हुतुतू होता, खोखो होता, आट्यापाट्या होत्या. बास्केटबॉलला गावानं 'टोपलीना खेळ' असं नाव देऊन टाकलं. सरांना तेही आवडलं. पुढं तेसुद्धा रिंगला टोपलीच म्हणू लागले.

टोपली गावातल्या लोहारानं केली होती, गाडीच्या चाकाला जी लोखंडी धाव बसवतात तिच्या उरलेल्या तुकड्यातून. ती गोल असावी अशी अपेक्षा होती. थोडी लांबट झाली, आणि बसवताना डावीकडे कलली. मागं जो फळा लागतो तो करायला सागाची फळी मागितली, तर हेडमास्तरांनी पहिलीच्या वर्गातला जुना, चिरलेला काळा फळा दिला. त्यावर कधीकाळी कुणी तेलरंगात मुळाक्षरं रंगवली होती. उन्हापावसानं बरीचशी उडाली, पण टोपलीच्या वर, जरा उजव्या अंगाला, एक ठळक पांढरा 'ठ' टिकून राहिला होता. आमचा सगळा बास्केटबॉल त्या ठ वर उभा होता. "ठच्या पोटात मारा," सर सांगायचे. ठच्या पोटात चेंडू बसला, की तो फळ्यावरून उलटून बरोबर टोपलीत पडायचा. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला टोपली कधी झालीच नाही. ती आम्ही मनातच धरायची.

मनात धरणं ही त्यांच्या शिकवण्यातली मुख्य गोष्ट. चेंडू एकच होता, चामड्याचा, वरून नाडीनं बांधलेला. आतलं ब्लॅडर फुटलं की नवं सुरतेहून यायचं, आणि ते कधी येईल हे फक्त रेल्वेला ठाऊक. दुसरा कुणी शिक्षक असता तर तेवढे दिवस सुट्टी दिली असती. सरांचा खरा तास तेव्हाच सुरू व्हायचा. आम्ही ओळीनं बसायचो. ते सावकाश बोलायचे. चेंडू हातात आला. नाडीची गाठ कुठल्या बोटाला लागली? चामड्याला एरंडेलाचा वास येतोय का? घाम कुठं आलाय? गुडघा वाकला का? आता वर बघ. ठ दिसतो का? ठचं पोट कुठं खरवडलंय? चेंडू सुटला. आवाज कसा आला?

मधेच ते एखाद्याच्या खांद्यावर बोट ठेवायचे आणि विचारायचे, "दिसतोय?" जो पटकन "दिसतोय सर" म्हणेल, त्याच्यावर त्यांचा विश्वास नसे. "थापा मारू नकोस, परत बघ," म्हणायचे. जो रडवेल्या आवाजात "नही दिसत सर" म्हणेल, त्याच्याजवळ मात्र ते उकिडवे बसायचे आणि त्याला टोपली दिसेपर्यंत उठायचे नाहीत. मला पुष्कळ दिवस काही दिसायचं नाही. अंधार आणि त्यात हलणारे लाल ठिपके, एवढंच. एके दिवशी अचानक ठ दिसला, उन्हात तडकलेल्या रंगासकट, आणि मी डोळे न उघडताच हसलो. सर शेजारीच होते. त्यांनी काही विचारलं नाही, नुसती पाठीवर थाप दिली. शाळेत मला पुढं बक्षिसं मिळाली, पण ती थाप मला जास्त आठवते.

हे खूळ त्यांना लागलं कुठं, ते त्यांनी एकदा स्वतःहून सांगितलं. कॉलेजात असताना खेळताना पाय मोडला आणि ते मांडीपासून खाली प्लास्टरमध्ये पडून राहिले. करायला काही नाही, म्हणून छताकडे तोंड करून रोज मनातल्या मनात खेळायचे. प्लास्टर निघालं, पायात जोर नव्हता, तरी भिंतीला टेकून उभे राहिले आणि चेंडू फेकला. तो मोडण्याआधीपेक्षा सरळ गेला. "त्या दिवशी मला कळलं," ते म्हणाले. काय कळलं ते त्यांनी सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मास्तरच्या डोळ्यांत पाणी म्हणजे आम्हाला बघायलाच अवघड.

शाळेबाहेरही त्यांचा खेळ चालूच असे. आठवडी बाजारात सर भाजी आणायला निघाले की उजवा हात खालीवर होत राहायचा. हातात चेंडू नाही, पण हात चालू. समोरून बैल आला की ते एक पाऊल डावीकडे टाकल्यासारखं करून उजवीकडून निसटायचे, आणि बैल बिचारा उभाच. मिरच्यांचे ढीग लावून बसलेल्या बायांच्या मधून ते असे गिरक्या घेत जायचे की एखादी ओरडायचीच, "मास्तर, मन्ह्या मिरच्या तुडवशात." ते कधी एकही मिरची तुडवायचे नाहीत. पुढं जाऊन मागं वळायचे आणि तिला विचारायचे, "तुझ्या पाठीमागं कोण बसलंय? न बघता सांग." बाई मागं वळून बघायची. ते हळहळल्यासारखी मान हलवून पुढं जायचे. त्यांच्या बायकोला या सगळ्याची लाज वाटत असणार. ती बाजारात त्यांच्यासोबत कधी दिसली नाही.

आमच्यातला सगळ्यात चांगला खेळाडू नरोत्तम. ब्राह्मणपुरीचा, गुजर पाटलांच्या घरातला, सायकलवरून शाळेत यायचा. केळीचा घड खांद्यावर घेऊन चालायची सवय, त्यामुळे अंगात ताकद भरपूर, पण चेंडू फेकला की तो फळ्याच्या वरून पलीकडच्या वाटेवर. सर त्याला म्हणाले, "तुझे हात फार शहाणे आहेत, त्यांना थोडे दिवस गप्प बसव." नेमकं तेव्हाच ब्लॅडर फुटलं आणि सुरतेहून काही केल्या येईना. तेवढे दिवस नरोत्तम नुसता बसून होता. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. नवं ब्लॅडर बसवलं त्या दिवशी सरांनी चेंडू आधी त्याच्याच हातात दिला. त्यानं फेकला. ठच्या पोटात बसला आणि आत पडला. पुन्हा फेकला, पुन्हा आत. आम्ही ओरडत होतो. नरोत्तम स्वतःच्या हातांकडे बघत होता, आणि सर मैदान सोडून पाण्याच्या माठाकडे चालत गेले. पाणी मात्र प्यायले नाहीत. पाठमोरे नुसतेच उभे होते.

हे सगळं संस्थेच्या आप्पांच्या कानावर गेलंच. आप्पा म्हणजे शाळा चालवणाऱ्या मंडळींतले मुख्य, भरपूर शेती, स्वभावानं वाईट नाहीत, पण चारचौघांत हसं होईल या गोष्टीची त्यांना फार धास्ती. एके दुपारी ते अचानक मैदानावर आले. आम्ही ओळीनं डोळे मिटून बसलेलो.

"मास्तर, पोरे झोपी ग्यात का?" आप्पांनी विचारलं.

"खेळताहेत," सर म्हणाले.

आप्पांच्या वहाणा आमच्या ओळीपुढून करकरत गेल्या. मला डोळे उघडायचा फार मोह झाला, पण उघडले नाहीत. मग आप्पा म्हणाले, "गावमा लोके हसतंस. मी कितला दिन आयकू? धुळाले सामना शेत ना? जिकी या. मंग मी बी तुम्हना संगे बसीसन डोया मिटसू. नही ते हाऊ टोपलीना खेळ बंद, आनि डोया मिटनं बी बंद."

"चालेल," सर म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की आप्पाच क्षणभर गोंधळले.

त्या दिवसापासून आमचं सगळं धुळ्यावर लागलं. जिल्ह्याच्या शाळांचे सामने, आणि आम्ही पहिल्यांदाच जाणार. आम्हाला हरण्याजिंकण्यापेक्षा धुळं बघायची घाई होती. सरांचं तसं नव्हतं. रोज संध्याकाळी ते आम्हाला बसवायचे आणि अख्खा सामना खेळवून घ्यायचे, मनातल्या मनात. गर्दीचा आवाज, पंचाची शिट्टी, दमलेले पाय, सगळं. ठ तर इतका पक्का झाला होता की जेवताना ताटात दिसायचा. आजही मी कुठं ठ लिहिला की हात जरा थबकतो.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण तेवढं सांगितल्याशिवाय सर पुरे होत नाहीत.

धुळ्याचं मैदान सिमेंटचं होतं. दोन्ही टोकांना टोपल्या, गोल गरगरीत, सरळ बसवलेल्या. त्यांच्यामागचे फळे पांढरे, कोरे. आम्ही पोचलो, आणि नरोत्तम जागच्या जागी थांबला. फळ्याकडे बघत राहिला, मग सरांकडे वळला.

"सर," तो म्हणाला, "आठे ठ नही शे."

आमच्यातले दोघंतिघं हसले. सर हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला, आणि तेव्हा मला कळलं की काहीतरी मोठं चुकलंय. सामना लगेच सुरू झाला, विचार करायला वेळच मिळाला नाही. आम्ही चांगलेच खेळलो. चेंडू समोरच्यांच्या हातून काढून घेत होतो, टोपलीपर्यंत नेत होतो, आणि तिथं पोचलो की नजर ठ शोधायची. ठ नसायचा. हात मात्र त्याच जागी मारायचे, कारण त्यांना तेच शिकवलेलं. आमची टोपली कललेली, म्हणून ठची जागा जरा उजवीकडे. इथली टोपली सरळ. चेंडू फळ्यावर आपटायचा आणि कडेवरून बाहेर. नरोत्तमचा बाहेर, माझा बाहेर, सगळ्यांचेच बाहेर. समोरची पोरं आमच्यापेक्षा काही फार हुशार नव्हती. मध्यंतराला आम्ही मागं होतो, पण फार मागं नव्हतो.

मध्यंतरात सरांनी आम्हाला रेषेबाहेर जमिनीवर बसवलं. ते स्वतः आमच्यापुढं उकिडवे बसले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "मी तुम्हाला ठ दाखवला. टोपली दाखवलीच नाही." मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "असू दे. अजून वेळ आहे. डोळे मिटा. फळा पांढरा आहे. बघा पांढरा. काही लिहिलेलं नाही. आता ठ तुम्ही काढायचा, तुमच्या हातानं, काळ्या रंगात. टोपलीच्या बरोबर वर, मधोमध. घाई नको. आधी वरची रेघ."

मी डोळे मिटले. पांढरा फळा आला. तो येईल असं मला वाटलं नव्हतं, पण आला. मी रेघ ओढली. भोवती गर्दी हसत होती, ते ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, "अरे, झोपी ग्यात रे पोरे." हशा वाढला. सर बोलतच होते. "आता दांडी. आता पोट, गोल, सावकाश."

आणि आप्पांचा आवाज आला. ते धुळ्याच्या पाहुण्यांना घेऊन सामना बघायला आले होते. पाहुण्यांसमोर आपल्या शाळेची पोरं अशी बसलेली त्यांना बघवलं नाही.

"मास्तर, उठाडा त्यासले."

"आप्पा, एकच मिनिट द्या. थोडंच राहिलंय."

"मन्ही इज्जत जाई ऱ्हायनी आठे. उठाडा म्हनी ऱ्हायनू ना."

मी डोळे उघडले नव्हते. सर काय करतात याची वाट बघत होतो. आप्पा मोठे असतील, पण मैदानावर सरांचा शब्द. ते ऐकणार नाहीत, अशी माझी खात्री होती.

मग सर म्हणाले, "उठा."

आम्ही उठलो. नरोत्तम सगळ्यांत शेवटी उठला. "मन्हा ठ अर्धाच व्हयना, सर," तो म्हणाला. सरांनी त्याच्याकडे बघितलं नाही.

आम्ही हरलो. कितीनं, त्याला अर्थ नाही. परतीच्या एस.टी.त सर खिडकीशी बसले होते आणि त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते, नुसते पडलेले. इतकी वर्षं मी स्वतःशी हा वाद घालत आलोय, की ते मिनिट मिळालं असतं तर? कदाचित तरीही हरलो असतो. बहुतेक हरलोच असतो. पण ते आम्हाला कळलं असतं. सर बरोबर होते की नुसतेच खुळे होते, हे एकदाचं ठरलं असतं. ते मिनिट त्यांनी स्वतःच सोडून दिलं, याचं मला फार वाईट वाटतं, आणि त्यांचा रागही येतो.

आप्पांनी त्यांना काढलं नाही, हे सांगायला हवं. सर निघून गेले असते तर आम्ही त्यांची गोष्ट अभिमानानं सांगितली असती. पण आप्पांनी त्यांना घरी बोलावलं, चहा पाजला आणि समजावलं. नोकरी राहील, कवायत घ्या, हुतुतू घ्या, पोरांना पळवा, पण ते डोळे मिटणं नको. सरांच्या घरी लहान मुलगी होती, दुसरं बाळ यायचं होतं. ते हो म्हणाले. त्यात चूक काय आहे, मला सांगता येणार नाही. टोपली उतरवली. फळ्याचं काय झालं ठाऊक नाही.

आणि सर सुधारले. हा गावाचा शब्द. दोन्ही मोजे एका रंगाचे आले. बाजारात ते बायकोबरोबर दिसू लागले, पिशवी हातात, सरळ चालत. तास वेळेवर, कवायत कडक, रांगेत जरा कुणी हललं की छडी. लोक म्हणायचे, मास्तर चांगला माणूस शे. ध्यान म्हणायचं कुणाला आठवेनासं झालं. नरोत्तमनं शाळा अर्धवट सोडली आणि वडिलांबरोबर केळीच्या बागा बघू लागला. पुढं त्याची माझी गाठ पडायची, तेव्हा आम्ही पिकांबद्दल बोलायचो.

मी शिकून नंदुरबारला नोकरीला लागलो. माझा धाकटा भाऊ त्याच शाळेत शिकत होता. एकदा सुट्टीत तो घरी आला तेव्हा मी त्याला विचारलं, "पी.टी.चे सर काय शिकवतात रे हल्ली?"

त्यानं जरा आठवून बघितलं. "काही नही शिकाडतस. शिट्टी वाजाडतस नि खुर्चीवर बसतस."

मला राहवलं नाही. पुढच्या वेळी कामासाठी शहाद्याला गेलो तेव्हा शाळेत गेलो. सर मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसलेले, केस पिकलेले, गळ्यात शिट्टी. त्यांनी मला लगेच ओळखलं, रनाळ्याचा ना तू, म्हणाले. नोकरी कशी आहे, लग्न झालं का, नंदुरबारला पाण्याचे हाल आहेत म्हणे, सगळं विचारलं. समोर मुलं हुतुतू खेळत होती. मी त्यांच्या हातांकडे बघत होतो. हात खुर्चीच्या दांड्यांवर शांत होते. शेवटी मी धीर केला.

"सर, धुळ्याला मध्यंतरात आणखी थोडा वेळ मिळाला असता, तर जमलं असतं का हो आपल्याला?"

"धुळ्याला?" त्यांनी कपाळाला आठी घातली. मग चेहरा मोकळा झाला. "हां हां. हुतुतूला गेला होतात ना तुम्ही धुळ्याला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. ते लपवत होते असं मला वाटलं नाही. चेंडूच्या नाडीची गाठ कुठल्या बोटाला लागली हे आम्हाला विचारणारा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि त्याला ती दुपार खरोखर दिसत नव्हती. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण ते उत्तराची वाट बघत होते.

"हो सर," मी म्हणालो. "हुतुतूलाच."

"मग?" त्यांनी हसून विचारलं. "जिंकलात का?"